देवाच्या गोळ्या

कलाबाईच्या पुरणाच्या मांड्यांचं नाव काढलं की पिंपळगावात अजून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र कुठं तोंड लपवू असं होतं. का, ते सांगायचं तर आधी माझ्याबद्दल चार शब्द सांगावे लागतील, आणि ते फारसे चांगले नाहीत.

पिंपळगाव बसवंतला बाजारपेठेत आमचं मेडिकल स्टोअर आहे. मी डी.फार्म. झालेली, म्हणून सासऱ्यांनी मला सून करून घेतलं आणि १९९४ साली, हातावरची मेंदी जायच्या आत, काउंटरमागं उभी केली. त्या वेळी गावातल्या बाकी सगळ्या मेडिकलमध्ये पुरुष. त्यामुळं बायकांच्या सगळ्या अडचणी माझ्याकडं येऊ लागल्या. बाई यायची, दुकानातला शेवटचा पुरुष जाईपर्यंत पावडरच्या डब्यांकडं बघत उभी राहायची आणि मग पुढं वाकून हळू आवाजात मागायची. मी वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची. मला तेव्हा वाटायचं, मी बायकांची मोठी सेवा करतेय.

कलाबाई सटाण्याकडची. नवरा भिकन इथल्या कांदा मार्केटात हमाल, म्हणून ती लग्न होऊन पिंपळगावला आली. येताना एसटीत मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं खापर घेऊन आली होती, आईनं दिलेलं. खापर म्हणजे मातीचं मोठं पसरट भांडं, ते चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या पाठीवर मांडा भाजायचा. पुरण भरलेला उंडा कलाबाई दोन्ही हातांवर नाचवायची, तो मनगटावरून कोपरापर्यंत पसरत जायचा, टाचणीएवढं भोकही न पडता. मग एका झटक्यात तो खापरावर. मी जवळून पाहिलंय. चुलीची धग तोंडावर येत असायची, बायका बोलत असायच्या, पण तिचं लक्ष फक्त त्या पातळ पोळीच्या कडेवर. लग्न असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, देवीचा नवस असो, कलाबाईला बोलावणं जायचंच. बंगलेवाल्या बागायतदारांच्या बायका तिला "कलाबाई, या, बसा" म्हणायच्या. एरवी हमालाच्या बायकोला कोण बसा म्हणतं?

पण खापराला सोवळं कडक. अडचणीतल्या, पाळी आलेल्या बाईनं हात लावला तर खापर तडकतं, अशी समजूत. मी शिकलेली, तरी मी कधी त्याला हसले नाही. हसून काय करणार होते?

१९९६ च्या चैत्रात एका बागायतदाराकडं सप्तशृंगीच्या नवसाचं जेवण होतं. दीडशे पान. कलाबाईची तारीख आठ दिवस लांब होती. साठेक मांडे झाले आणि तिला कळलं. दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती, कोणाला काय समजणार होतं. कलाबाई हातातला उंडा परातीत ठेवून उठली आणि घरच्या म्हातारीला जाऊन सांगितलं. खरं बोलल्याचं फळ तिला तिथंच मिळालं. झालेले साठ मांडे गुरांना घातले. पाहुण्यांना भात-वरण वाढलं. आणि म्हातारीनं गड्याला सांगून ते खापर उकिरड्यावर फोडायला लावलं. कलाबाईच्या आईचं खापर. ती फाटकाबाहेर उभी राहून बघत होती, कारण आत यायची तिला बंदी होती.

पुढं वर्षभर तिला कोणी बोलावलं नाही. कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायची. मग एका घरी अडलं, दुसरी कोणी मिळेना, तेव्हा त्यांनी निरोप धाडला. त्याच दिवशी कलाबाई माझ्या दुकानात आली. पावडरच्या डब्यांकडं बघत उभी राहिली. मग पुढं वाकून म्हणाली, "ताई, पुढं ढकलायची गोळी हाय का वो? ह्या खेपेला खापर तडकलं तर माझं सपलं."

मी दिली. डॉक्टरची चिठ्ठी मागायचा नियम होता. मी कोणाकडंच मागत नव्हते, कोणतंच दुकान मागत नव्हतं. दिवसातून तीन वेळा घ्या, कार्यक्रम झाला की बंद करा, दोन-तीन दिवसांत येईल, एवढं सांगितलं. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणं. पुस्तकात हेही लिहिलं होतं की हे औषध वारंवार घ्यायचं नसतं, आणि बाईचं वय नि तब्येत आधी बघायची असते. ते मी सांगितलं नाही.

त्यानंतर कलाबाईची गाडी जोरात सुरू झाली. नवीन खापर आलं, जुनी घरं परत बोलावू लागली. आणि ती दर कार्यक्रमाच्या आधी माझ्याकडं. ती त्यांना देवाच्या गोळ्या म्हणायची. "ताई, देवाच्या गोळ्या द्या." चारचौघांतही मागता यायचं, कोणाला काही कळायचं नाही. मलाही ते नाव आवडलं होतं. मीच नवऱ्याला हसत हसत सांगितलं होतं.

चाळिशी ओलांडली तशी तिची पाळी वेडीवाकडी झाली. कधी पंधरा दिवसांत, कधी दोन महिने पत्ता नाही. ह्या वयात बायकांचं असं होतंच. पाळी एका दिवसात जात नाही, चार-पाच वर्षं जायची जायची म्हणत छळते. कोणाचं कमी होतं, कोणाचं जास्त. पण कलाबाईची पंचाईत निराळी. तारीखच कळेना तर ढकलायची कधी? तिनं आपल्या डोक्यानं उपाय काढला. लग्नसराई सुरू झाली की गोळ्या सुरू, सराई संपली की बंद. मधूनच एखादा आठवडा खाडा पडायचा, की लगेच धो धो अंगावर जायचं. मग पुन्हा गोळी. मी एकदा म्हणाले, "कलाबाई, जरा जास्तच होतंय." ती म्हणाली, "एवढा आखाजीचा सण जाऊ द्या ताई." मी जाऊ दिला. त्यानंतर नवरात्र जाऊ दिलं.

२००१ सालच्या उन्हाळ्यात तिला सलग बावीस दिवस जात राहिलं. दुकानात आली ती काउंटरला धरूनच उभी राहिली. ओठ पांढरे. मी घाबरले आणि म्हणाले, "गोळी-बिळी काही नाही, नाशिकला जा तुम्ही, बाईच्या डॉक्टरला दाखवा." भिकन तिला तसाच घेऊन गेला. मी तेव्हा एक कागद घेऊन त्यावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या, की ही बाई चार वर्षं हे हे औषध घेतेय. कागद समोर होता, पेन कानावर होतं. दुकानात गर्दी होती. ही माझी सबब.

नाशिकच्या त्या दवाखान्यात काय झालं ते तिनंच नंतर मला सांगितलं, कौतुकानं. सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज आहे, आतलं अस्तर जाड झालंय, आज ना उद्या कॅन्सर होणार. विचारलं, पोरं किती? दोन. मग आता पिशवी काय करायची आहे?

"आन् एक बरं विचारलं त्यांनी," कलाबाई म्हणाली, "कोणत्या गोळ्या चालू हायेत का? म्या म्हनलं, नाय बा. मला ना शुगर, ना बीपी. एकबी गोळी घेत नाय."

मी म्हटलं, "अहो, आणि त्या?"

"कोन्त्या?" तिनं खरंच विचारलं. मग हसली. "त्या व्हय! त्या कुठं दुखन्याच्या हायेत. त्या देवाच्या."

खोटं बोलली नव्हती ती. जी बाई साठ मांडे सोडून उठते ती डॉक्टरपुढं कशाला खोटं बोलेल? तिच्या हिशेबी गोळी म्हणजे आजाराची. उपासाला कोणी औषध म्हणतं का? तसंच हे.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली, "कटकटच नको" म्हणून. तिचं वय बेचाळीस. रक्तात लोह किती आहे बघून आधी ते भरून काढता आलं असतं. अस्तराचा कणभर तुकडा काढून तपासता आला असता, आणि मग ठरवता आलं असतं. काही महिने नेमानं, डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध देता आलं असतं. शहरात तेव्हा पिशवीत बसवायची हॉर्मोनची तांबीसारखी वस्तू नुकती येत होती. आणि काहीच न करता नुसती वाट बघणं, हाही एक इलाज होता. ह्यातलं एकही तिला कोणी सांगितलं नाही. मी तरी कुठं सांगितलं? घरी सोडताना लिहून दिलेली औषधं मीच काढून दिली: पू होऊ नये म्हणून एक, दुखू नये म्हणून एक. अंडाशयं काढलेल्या बाईला पुढं काय सोसावं लागेल, हाडांचं काय होईल, त्याबद्दल चिठ्ठीवर अक्षर नव्हतं. मी चिठ्ठीवर शिक्का मारला.

आणि कलाबाई खूश! "सुटले बाई," म्हणाली. गावही खूश. आता तिच्या सोवळ्याला कधीच धक्का नाही, तारखेची भीती नाही. पुढची दोन वर्षं तिच्यासारखा मान दुसऱ्या कोणाला नव्हता. दोन-तीन बायका तर तिचं बघून त्याच दवाखान्यात जाऊन आल्या. कलाबाईनंच पत्ता दिला, सोबतही गेली.

आग मात्र ऑपरेशननंतर महिन्याभरातच सुरू झाली होती, आणि वाढत गेली. चुलीपुढं बसली असताना छातीतून वाफ उठायची, मानेवर चढायची, तोंड लालबुंद व्हायचं आणि घामाच्या धारा लागायच्या. घाम पिठात पडू नये म्हणून तिनं कपाळाला फडकं बांधायला सुरुवात केली. दर दहा मांड्यांमागं उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. बायका कुजबुजायला लागल्या, कलाबाईला कोणाची नजर लागली, बाहेरचं काही असेल. मला विचारलं तर मी तिला ग्लुकोजचा डबा आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण दिल्या खऱ्या. २००३ मध्ये तिच्या मुलाचं लग्न झालं, सरिता सून म्हणून आली. गुणी पोरगी. सासू ओट्यावर गेली की ती खापर सांभाळू लागली.

२००६ साली माझी स्वतःची पाळी बिघडली. मी त्रेचाळीसची होते. मी काय केलं? मी नाशिकला एका नावाजलेल्या डॉक्टरणीची वेळ घेतली, इस्त्रीची साडी नेसली आणि गेले. त्यांनी आधी अर्धा तास नुसतं विचारलं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सोनोग्राफी केली, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत घाबरू नका म्हणाल्या. आला तो चांगला होता. लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीची वही ठेवायला सांगितली, तीन महिन्यांनी या, एवढंच. पण त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न होता. "कुठल्याही कारणानं घेतलेली कुठलीही गोळी सांगा. पूजेसाठी घेतलेलीसुद्धा. बायका तीच सांगत नाहीत."

त्या सहज बोलल्या. मला मात्र खुर्चीत बसवेना. पिंपळगाव येईपर्यंत एसटीत मी ठरवलं होतं की कलाबाईला गाठून सगळं सांगायचं. स्टँडवर उतरले आणि घरी गेले. वर्षभर सांगितलं नाही.

२००७ च्या चैत्रात कलाबाई नळाजवळ घसरली. फार नाही, उभ्या उभ्या बसली आणि हात टेकला. उजवं मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो बघून तिला वय विचारलं. अठ्ठेचाळीस म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना, हाडं सत्तरीची दिसत होती. पूर्वी काय ऑपरेशन झालंय त्याचे कागद घेऊन या, म्हणाले. कलाबाईनं देव्हाऱ्यामागं ठेवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. कागद इंग्रजीत, म्हणून डॉक्टरकडं न्यायच्या आधी ती माझ्याकडं आली. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. प्लास्टरमधला हात तिनं काउंटरवर ठेवला.

"वाचून दावा ताई. यामा काय शे?" घाबरली की ती माहेरची अहिराणी बोलायची.

पिशवीत सोनोग्राफी होती, डिस्चार्ज कार्ड होतं आणि तळाशी एक पाकीट होतं. काढलेलं गर्भाशय ज्या लॅबला पाठवलं होतं तिथला रिपोर्ट. पाकीट चिकटवलेलंच होतं. सहा वर्षं कोणी उघडलं नव्हतं. टाके काढायला गेली तेव्हा तिच्या हातात दिलं असणार, आणि तिनं देवामागं ठेवलं.

मी उघडलं. कॅन्सर नाही. कॅन्सरची सुरुवातही नाही. गाठ नाही. दोन्ही अंडाशयं निरोगी. आणि खाली शेवटची ओळ होती: अस्तरातला बदल हॉर्मोनच्या औषधाच्या परिणामासारखा दिसतो, रुग्णानं पूर्वी घेतलेल्या गोळ्यांची माहिती पडताळून पाहावी.

कुठं तरी सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या, कलाबाईला कधीही न बघितलेल्या माणसानं ते ओळखलं होतं. ज्यांनी पडताळायचं त्यांनी पाकीट उघडलं नव्हतं. आणि ज्या बाईला पडताळायची गरजच नव्हती ती सहा वर्षं समोरच्या काउंटरमागं उभी होती.

शेवटची ओळ गाळायचा मोह झाला. झाला, कबूल करते. पण तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी सगळं वाचलं, मराठीत करून, हळूहळू.

"म्हंजे पिशवीत कायबी नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग एवढं जायचं कशापायी?"

"पाळी जायचं वय झालं होतं तुमचं, त्यानं थोडं. आणि थोडं त्या गोळ्यांनी. मधे मधे घेतल्या, मधे मधे सोडल्या, म्हणून जास्त. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी आधी गोळ्या बंद करून बघितलं असतं. कदाचित काढावंच लागलं नसतं. हाडंही अशी झाली नसती."

ती प्लास्टरकडं बघत राहिली. बोटं तेवढी बाहेर होती, सुजलेली. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात बरा होईल, पण मनगट पहिल्यासारखं फिरणार नाही. म्हणजे उंडा आता कोपरापर्यंत जाणार नव्हता. ज्या हातासाठी तिनं हे सगळं केलं तोच हात.

"तुमच्या गोळ्यांनी," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "माझ्या. मी सांगायला पाहिजे होतं, कलाबाई. चुकलं माझं."

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी उभी राहून ऐकल्या असत्या. तिनं कागद पिशवीत भरले, पिशवीची गाठ एका हातानं बसेना म्हणून दातानं ओढली, आणि उन्हात चालू लागली. गाठ मारून द्यायलाही मी पुढं झाले नाही.

आठ-दहा दिवसांनी आखाजी तोंडावर आली. सकाळी दुकान उघडून बसले होते. रस्त्याच्या पलीकडं समोरचं मेडिकल, तिथं सरिता उभी दिसली. दुकानदारानं तिला वर्तमानपत्राची पुडी दिली. पुडीचा आकार मला ओळखायला वेळ लागत नाही. मी काउंटर तसंच टाकून रस्ता ओलांडला.

"सरिता, बघू."

ती घाबरली. पुडी उघडून दाखवली. तीच पट्टी. तीच कंपनी, तोच रंग. आमच्या दोघांच्या दुकानांत माल एकाच एजन्सीकडून येतो, एकाच टेम्पोतून उतरतो.

"कोणी सांगितल्या घ्यायला?"

"आत्याबाईंनी." तिनं मागं बघितलं. दुकानाच्या पायरीवर, सावलीत, हात गळ्यात बांधून कलाबाई बसली होती. सरिता आवाज खाली करून म्हणाली, "आत्याबाई म्हनत्यात, तुमच्या दुकानातल्या गोळ्या लय गरम होत्या, त्यांनीच बिघडलं. ह्यांच्या चांगल्या हायेत."

सहा वर्षांनी वाचलेल्या त्या कागदातून तिनं काढलेला अर्थ हा. गोळ्या वाईट नव्हत्या, मी वाईट होते. अर्ध्याहून जास्त ते खरंच होतं. तरी मी तिच्यापुढं जाऊन खाली वाकले.

"कलाबाई, माझ्यावर राग धरा, तो धराच. पण ह्या त्याच गोळ्या आहेत. पोरगी सत्तावीसची आहे. तिला नका देऊ. तिची तारीख आली तर त्या दिवशी नको मांडे."

कलाबाईनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. मी काहीतरी अगदीच पोरकटासारखं बोलले असावं, तसं तिनं बघितलं.

"पेठेतल्या वानीनबाईंच्या घरी आखाजीचे दीडशे पान हायेत, ताई," ती म्हणाली. "माझा हात गेला. पोरगी उठली तर खापरावर कोन बसंल? तुमी?"

मला मांडे येत नाहीत. मला फक्त गोळ्या देता येतात.